ब्रह्मकमळाच्या कळ्या गळतात आणि उमललंच तर फोटो पांढराफटक येतो, मदत हवी आहे

मंडळी, डोंबिवलीत तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी. सासूबाईंनी चिपळूणहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं एक पान 4 वर्षांपूर्वी कुंडीत खोचलं होतं. (पान आपण म्हणतो, ते खरं चपटं खोड. झाड निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिकोकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं हे माहीत आहे, त्यावरून वाद नको!)

गेल्या पावसाळ्यात 7 कळ्या आल्या. बोटभर झाल्या की देठाकडून पिवळ्या पडायच्या आणि सकाळी एकेक फरशीवर. शेवटची तेवढी उमलली. रात्री साडेनऊला घरभर वास, शेजारच्या काकू हळदकुंकू घेऊन हजर, आणि मी मोबाइलवर पन्नासेक फोटो काढले. सगळे कचरा. फ्लॅश लावला तर कापसाचा बोळा, पाकळीवरची एक रेघ दिसेल तर शपथ. फ्लॅश बंद केला तर ट्यूबलाइटची हिरवट झाक आणि मागे वाळत घातलेले टॉवेल. सकाळी बघते तर फूल ओल्या फडक्यासारखं लोंबतंय.

यंदा 9 कळ्या आहेत. पाणी रोज घालते, शेणखत महिन्याला मूठभर. पावसाने झोडपू नये म्हणून कळ्या दिसल्या की कुंडी आत टीव्हीशेजारी ठेवते. कळ्या का गळतात? कुठल्या रात्री उमलणार हे आधी कळतं का? आणि साध्या मोबाइलवर बरा फोटो कसा काढायचा?

प्रतिसाद:
ताई, टीव्हीशेजारी नेलीत तिथेच घात झाला. कळी धरल्यावर कुंडी हलवायची नाही, फिरवायचीसुद्धा नाही. उजेड बदलला की झाड आधी कळ्या टाकतं. पावसाळ्यात रोज पाणीही नको, मुळं कुजतात. बोट खुपसून बघा, वरची माती कोरडी लागली तरच घाला. तरी 9 च्या 9 उमलतील असं धरू नका, दोन-चार झाड आपणहून टाकतंच.
रात्र ओळखायची तर कळीची मान बघा. आधी खाली लोंबते, मग चिलमीसारखी वळून वर येते. फुगून दुपारीच टोक सैल झालेलं दिसलं की त्या रात्री जागायची तयारी ठेवा.

प्रतिसाद:
फोटोचं मी सांगतो. फ्लॅश, ट्यूबलाइट दोन्ही बंद. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, टॉर्चसमोर बटर पेपर. स्क्रीनवर दिसणाऱ्या फुलावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि पाकळीच्या रेघा दिसेपर्यंत उजेड कमी करत न्या. स्क्रीनवर फोटो काळपट वाटेल, वाटू दे. मोबाइल डब्यांच्या उतरंडीला टेकवून 3 सेकंदांचा टायमर लावा. मागे काळी ओढणी, पण फुलापासून दोन हात लांब, नाहीतर तिच्यावरही उजेड पडतो. साडेदहानंतर काढा, तेव्हा फूल पुरतं उघडलेलं असतं. एक फोटो अगदी तोंडाशी जाऊन घ्या, आत पांढऱ्या तंतूंमध्ये चांदणी दिसते.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. पण घोळ झालाय, कुंडी कालच आत आणली! आता परत बाहेर नेऊ की राहू दे?

प्रतिसाद:
एकच दिवस झालाय ना? आजच न्या. पूर्वी जी बाजू उजेडाकडे होती तीच ठेवा आणि कुंडीवर खडूने खूण करून ठेवा. टॉवेल मात्र दुसरीकडे वाळत घाला.