बँकॉक कमी खर्चात: दोघांनी मुक्काम नदीकाठी करावा की स्कायट्रेनपाशी?

घाटमाथा

टूर कंपनीशिवाय बँकॉकला जाणाऱ्या जोडप्यांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: स्कायट्रेनचं, म्हणजे रस्त्यावरच्या पुलांवरून धावणाऱ्या ट्रेनचं, स्टेशन बघून हॉटेल घ्या. प्रतूनाम, नाना, सुखुमवित असे नव्या शहरातले भाग. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. हात राखून खर्च करायचा आणि तरी शहर पोटभर बघायचं, तर मुक्काम जुन्या शहरात, चाओ फ्राया नदीच्या काठीच हवा.

पहिला राम याने १७८२ साली राजधानी नदीच्या पूर्व काठावर आणली. आपण जे बघायला जातो ते बहुतेक त्याच्या आसपासच आहे. राजवाडा, त्याला लागून वाट फो (वाट म्हणजे देऊळ), समोरच्या काठावर वाट अरुण, थोडं आत लाल रंगाचा उंच झोपाळा आणि वाट साकेतची सोनेरी टेकडी. स्कायट्रेन या भागात येतच नाही! म्हणजे तिकडे राहून रोज इथे यायचं, दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट काढायचं आणि वर वेळ घालवायचा.

नदीवर नारिंगी झेंड्याची बोट असते. कुठल्याही धक्क्यावर चढा, कुठेही उतरा, माणशी १६ बाट. बाट सध्या अडीच रुपयांच्या वर आहे, तरी दोघांचे शंभरही होत नाहीत. कंडक्टर बाई हातातली पत्र्याची नळी खुळखुळवत गर्दीतून येते, त्याच नळीत सुटे पैसे, त्यातूनच तिकीट. शेजारी शाळेची मुलं, बाजारहाट करून निघालेल्या बायका, भगव्या चीवरातले भिक्षू. निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट याच पाण्यातून जाते आणि बरेच जास्त पैसे घेते. था तियनच्या धक्क्यावरून वाट अरुणला जायला फेरीबोट आहे, तिचे ५ बाट.

तुमचं मत काय? अनुभव असेल तर जरूर लिहा.

चाफेकळी

घाटमाथा, बोटीचं वर्णन अगदी खरं आहे, पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. नारिंगी बोट संध्याकाळी सातच्या सुमारास थांबते. त्यानंतर जुन्या शहरात टुकटुकवाल्याशी, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याशी, घासाघीस करण्यावाचून फारसं काही उरत नाही. तो अव्वाच्या सव्वा भाव सांगणार, आणि दिवसभर उन्हात फिरल्यावर वाद घालायचं त्राण कुणाला असतं?

दुसरं म्हणजे तिथली स्वस्त गेस्टहाउसं. जुन्या दुकानघरांत केलेल्या खोल्या, उभे अरुंद जिने, लिफ्ट नाही. खाओसान रस्त्याजवळ घेतली तर मध्यरात्रीनंतरही गाणी वाजत असतात. एप्रिल-मेच्या सुट्टीत तिथे उन्हाने आणि दमटपणाने अंगाची लाही होते. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणजे पूर्ण कपड्यांत घाम पुसत फिरायचं आणि परत येऊन तीन जिने चढायचे. जोडप्याची सहल म्हणताना हे कुणीच लिहीत नाही, की ही बचत नक्की कुणाच्या पायांवर होते. पाळी आलेली असते, गुडघा दुखत असतो, आणि नवरा म्हणतो, "चल गं, जवळच आहे."

आणि नव्या शहरात नुसते मॉल आहेत हेही खरं नाही. चिट लोम स्टेशनाच्या खाली एरावानचं ब्रह्मदेवाचं स्थान आहे, १९५६ सालचं. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं मोजकीच, गोव्यात सत्तरीतल्या ब्रह्मकरमळीला एक आहे. इथे भर चौकात, गाड्यांच्या गोंगाटात, ऑफिसला जाणारी माणसं थांबून चारही मुखांपुढे उदबत्त्या लावतात, नवस फेडायला नर्तकींना पैसे देऊन नाच करवतात. बघायला एक पैसा लागत नाही.

हिशेबवही

मी जरा आकडे मांडतो. राजवाड्याचं तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट, वाट फोचं ३००, वाट अरुणचं २००. दोघांचे झाले २०००, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. बऱ्याच साध्या हॉटेलांत एवढ्यात एका रात्रीहून जास्त राहता येतं. खरा खर्च इथे आहे. बोट १६ बाट की ट्रेन ४०, यावर भांडून बजेट हलत नाही.

त्यामुळे प्रश्न फिरवून विचारायला हवा: एवढे पैसे भरून आत गेल्यावर तुम्ही किती बघता? इथे मी घाटमाथांच्या बाजूने आहे. राजवाडा साडेआठला उघडतो. जवळ राहणारा माणूस नाश्ता करून दारात हजर असतो. नऊ-दहानंतर बसगाड्या येतात, मग राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते.

आणि तिथल्या ओवऱ्यांतली भित्तिचित्रं निवांत बघायलाच हवीत. रामाकियन, म्हणजे त्यांचं रामायण, १७८ चित्रांत रंगवलं आहे. सेतू बांधताना समुद्रातले दगड कोणीतरी पळवतं, मारुती पाण्यात बुडी मारतो आणि त्याला भेटते रावणाची मुलगी, मत्स्यकन्या सुवण्णमच्छा. पुढे दोघं प्रेमात पडतात! ब्रह्मचारी मारुतीला शनिवारी तेल-रुई वाहणाऱ्या मराठी माणसाला त्या भिंतीपुढे उभं राहून बरंच काही वाटेल. गाइडच्या मागे पळणाऱ्या घोळक्यातून यातलं काहीही दिसत नाही.

भाकरतुकडा

जेवणाचं कोण बोलणार? आम्ही शाकाहारी. जुन्या शहरात गाडीवर "भाजी" म्हणून जे मिळतं त्यात माशाचा सॉस असतो, करीच्या वाटणात सुकी कोळंबी असते. पपईच्या सॅलडमध्येही तेच. प्रतूनामला भारतीय खानावळी आहेत, तिथे डाळ-भात मिळतो. तो स्वस्त नसतो हे कबूल, पण उपाशीपोटी देवळं बघण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्यांनी तिकडेच राहावं.

घाटमाथा

भाकरतुकडा, पिवळ्या पाट्या शोधा. पिवळ्यावर लाल अक्षरात "เจ" असं लिहिलेलं असतं, उच्चार "जे". हे चिनी बौद्धांचं व्रताचं जेवण, त्यात मांस, मासे, अंडं काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. याओवारातच्या चिनी वस्तीत अशी दुकानं सापडतात. त्यांच्या नवव्या चांद्रमासात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ दिवस या पिवळ्या झेंड्यांनी गल्ल्या भरून जातात. दसरा-दिवाळीच्या आधी जाणाऱ्यांना हे साधता येईल. शिवाय फाहुरात हा कापडबाजाराचा भारतीय भाग जुन्या शहराला लागूनच आहे, तिथल्या गुरुद्वाऱ्यात सकाळी लंगर असतो. प्रतूनामला जायचं कारणच नाही.

चाफेकळी, रात्रीचा तुमचा मुद्दा पूर्वी बिनतोड होता. पण २०१९ मध्ये भुयारी मेट्रोची निळी लाइन जुन्या शहरात पोचली. सनाम चाय स्टेशनातून वर आलं की वाट फो चालत गाठता येतं, आणि गाडी मध्यरात्रीपर्यंत असते. रात्री पाक ख्लाँग तलातचा फूलबाजारही तिथून जवळ. ढीगभर झेंडू, बर्फावर ठेवलेल्या मोगऱ्याच्या कळ्या, हार ओवणाऱ्या बायका. दादरच्या फूलबाजारात वाढलेल्या माणसाचा पाय तिथून निघत नाही. टुकटुकची गरज कुठे पडते?

साथोर्नकर

नोकरीमुळे मी बँकॉकमध्येच राहतो, पाहुण्यांची ये-जा सतत चालू असते. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते आहे. नदीच्या पलीकडे, थोनबुरीत, वोंगवियन याईच्या आसपास राहा. स्कायट्रेन आहे, पर्यटक कमी आहेत, त्यामुळे त्याच पैशात खोली मोठी मिळते. दोन स्टेशनांवर साफान ताकसिन, तिथे उतरलं की खालीच बोटीचा धक्का. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने ४५ बाटमध्ये फाया थाईला यायचं आणि तिथे स्कायट्रेन पकडायची.

स्कायट्रेनचा दिवसाचा पास मात्र डोळे मिटून घेऊ नका. तो माणशी १५० बाट आहे आणि मेट्रोत चालत नाही. दिवसभर चढउतार करणार असाल तरच परवडतो.

आणि राजवाड्याबाहेर गोड बोलून "आज बंद आहे, दुसरं देऊळ दाखवतो" म्हणणारा भेटला तर सरळ पुढे चालत राहा. तो टुकटुकमध्ये बसवून रत्नांच्या दुकानात नेतो. नेहमीच्या दिवशी राजवाडा उघडाच असतो, दारावर जाऊन स्वतः बघा.

चाफेकळी

साथोर्नकर, थोनबुरीचा पर्याय मला पटला, कारण त्यात रात्री परतायची सोय आहे आणि बोटही आहे.

घाटमाथा, सनाम चायचं ठीक. पण स्टेशन एक आणि गेस्टहाउसं पसरलेली खाओसान, फ्रा आथितपर्यंत. तिथून ते स्टेशन लांब पडतं, रात्री दहाला कुणी ते अंतर चालत नाही. स्टेशनाच्या अगदी जवळ घ्यायचं तर नदी दिसणारी महागडी हॉटेलं लागतात, मग कमी खर्चाची चर्चाच संपली. माझी अट साधी आहे. लिफ्ट, चालणारा एसी आणि स्टेशन किंवा धक्का दहा मिनिटांत. अशी खोली जुन्या शहरात दोघांना परवडेल अशा भावात मिळत असेल तर डिसेंबरचे भाव काढून इथे टाका. तोवर माझ्या बहिणीला मी वोंगवियन याईच सांगणार आहे.

घाटमाथा

डिसेंबर हा तिथला सगळ्यात महाग महिना, त्याचे भाव काढून जुन्या शहराला नापास करू नका. मी सप्टेंबरचेही काढतो. पाऊस असतो, पण बहुतेक दुपारनंतर येतो, आणि सकाळी राजवाडा बघायचा असेल तर तो आड येत नाही. सनाम चाय आणि त्याच्या पुढचं साम योत, दोन्ही स्टेशनांच्या आसपासचे बघतो. साम योत लाल झोपाळ्याच्या बाजूला आहे, तिकडे नदी दिसत नाही म्हणून खोल्या स्वस्त असतात. लिफ्टची अट मान्य.