महामार्गालगतचं 30 खाटांचं रुग्णालय: दुचाकी अपघातासाठी कॅज्युअल्टीत काय तयार हवं?

कॅज्युअल्टी_एमओ
ग्रामीण रुग्णालय आहे. एक्स-रे रात्रीही होतो, पण सीटी नाही, रक्तसाठाही नाही. जिल्हा रुग्णालय दीड तासावर. रात्री ड्युटीला एक एमओ (वैद्यकीय अधिकारी), दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय. दुचाकीवाल्यांमध्ये डोकं आणि मांडी-नडगीच्याच जखमा जास्त. नवी ट्रॉमा ट्रॉली लावायची आहे. त्यात काय ठेवावं आणि रेफर करण्याआधी किती करावं? शिवाय, बाहेरचा रक्तस्राव थांबवून पाठवलेला पेशंट वाटेत शॉकमध्ये (बीपी कोसळून) का जातो?

शल्यविभाग
शेवटचा प्रश्न आधी घेतो. रक्त पाच ठिकाणी जातं: बाहेर, छातीत, पोटात, कटिरात (कमरेखालच्या हाडांच्या कड्यात) आणि मांडीत. मांडीचं हाड मोडलं तर कातडी न फाटताही एक ते दीड लिटर रक्त आत साठतं. पाय मोकळा ठेवून गाडीत घातला तर प्रत्येक खड्ड्याला हाडाची टोकं हलतात आणि पुन्हा रक्त सुटतं. म्हणून थॉमस स्प्लिंट (मोडलेला पाय ताणून स्थिर धरणारी चौकट) स्टोअरमध्ये कुलपात नको, ट्रॉलीशेजारी भिंतीला टांगलेला हवा. लावण्याआधी आणि नंतर पावलाची नाडी बघा.

कटिर मोडल्याची शंका असेल तर चादर वीतभर रुंद घडी करून आवळा. इथे हमखास चूक होते: चादर कमरेवर बांधली जाते. ती मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर यायला हवी. मग गुडघे एकत्र बांधा. कटिर दाबून, हलवून पुन्हा पुन्हा तपासू नका, जमलेली गुठळी सुटते.

शिरेत दोन सुया, हिरवी 18 गेज किंवा राखाडी 16 गेज. क्रॉसमॅचचा (रक्त जुळवून बघण्याचा) नमुना तेव्हाच काढून पेशंटबरोबर पाठवा. ट्रानेक्सॅमिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) 1 ग्रॅम, म्हणजे 500 मिग्रॅचे दोन अँप्यूल, 100 मिली सलाइनमधून 10 मिनिटांत. अपघातापासून 3 तासांच्या आत. नंतर 1 ग्रॅम 8 तासांत. आणि शॉकमधल्या पेशंटला हातापायांच्या एक्स-रेसाठी थांबवू नका, तो निर्णय बदलत नाही.

भूलतज्ज्ञ
डोक्याच्या मारात ऑक्सिजन आणि बीपी पडणं, या दोन गोष्टी प्रामुख्याने मेंदूचं दुसऱ्यांदा नुकसान करतात. रक्तस्रावात बीपी थोडं कमी ठेवायची पद्धत इथे लावू नका. वरचं बीपी 110 च्या खाली नको. डीएनएस (साखरेचं सलाइन) नको, एनएस (साधं सलाइन) द्या. बीपी कमी असताना मॅनिटॉलही (मेंदूची सूज कमी करणारं औषध) नको, लघवी वाढून ते आणखी पडतं.

जीसीएस (शुद्धीचा 3 ते 15 गुणांचा मापक) 8 किंवा कमी असेल तर श्वासनलिकेत नळी इथून निघण्यापूर्वीच घाला, धावत्या गाडीत ते जमत नाही. छाती एका बाजूने हलत नसेल आणि बीपी कोसळत असेल, तर कोंडलेली हवा काढायला आधी छातीत सुई, मग आयसीडी (छातीत बसवायची निचरा नळी), श्वासनलिकेतली नळी नंतर.

हेल्मेट काढायला दोघं लागतात. एक जण डोक्याकडून हेल्मेट धरतो, दुसरा एका हाताने जबडा आणि दुसऱ्याने मानेचा मागचा भाग पेलतो. मग पहिला हेल्मेट दोन्ही बाजूंना ताणत काढतो. नाकापाशी अडकतं, तिथे किंचित मागे कलवा.

ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर भरलेला असला की साधारण 1,500 लिटर. मिनिटाला 10 लिटरने अडीच तास पुरतो, 15 ने जेमतेम 100 मिनिटं. तुमच्या दीड तासाला 15 ने जवळपास काहीच शिल्लक राहत नाही, दुसरा सिलिंडर द्याच.

कॅज्युअल्टी_एमओ
उघडं फ्रॅक्चर इथेच शिवून पाठवावं का?

शल्यविभाग
नाही. माती, खडी आत कोंडली जाते. फोटो काढा, वरची घाण सलाइनने धुवा, ओली गॉज ठेवून स्प्लिंट लावा. अॅलर्जी नसेल तर सेफाझोलिन (अँटिबायोटिक) 2 ग्रॅम पहिल्या तासातच, आणि टिटॅनसचं इंजेक्शन. फोटो पुढच्या डॉक्टरांना पाठवा, म्हणजे ड्रेसिंग वारंवार उघडत नाहीत.

ट्रॉमा_सिस्टर
ट्रॉली दर शिफ्टला तपासा, विशेषतः सक्शन (घशातलं रक्त-लाळ ओढणारं यंत्र) सुरू करून बघा आणि लॅरिंगोस्कोपचा (नळी घालताना घसा दाखवणारं उपकरण) दिवा पेटवून बघा. एमएलसीची (पोलिसांत नोंदवायच्या केसची) नोंद आणि पोलिसांना कळवणं उपचार चालू असतानाच होतं, त्यासाठी पेशंट अडवू नका. रेफरचा फोन पेशंट गाडीत घातल्यावर नको. पहिल्या तपासणीत सीटी लागणार दिसलं की लगेच करा. रेफर चिठ्ठीवर चार गोष्टींची वेळ ठळक लिहा: अपघाताची, ट्रानेक्सॅमिकची, अँटिबायोटिकची आणि टुर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) बांधला असेल तर त्याची.