मान विकताही येत असे
पूर्वी मान आचरणावर ठरे आणि आता तो पैशावर ठरतो, हे मत मला अर्धवट वाटते. मराठेशाहीत पाटीलकी विकली किंवा भावांत वाटली गेली, की पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पोळी आधी कोणाची, विडा आणि टिळा प्रथम कोणाला, हे सारे जमिनीच्या वाटणीइतक्याच काटेकोरपणे कागदावर उतरे आणि त्यावरचे तंटे गोतसभेपुढे (गावच्या वतनदारांच्या व जाणत्यांच्या न्यायसभेपुढे) जात. म्हणजे मान ही वारसाहक्काची मालमत्ता होती. सद्गुणांशी तिचा संबंध (अपवाद सोडल्यास) बेताचाच. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलकी (महसुलाचे काम पाहणाऱ्या) पाटलांचे वंशपरंपरागत पद संपले, तरी जत्रेतला पहिला मान अनेक गावांत अजून त्याच घराण्यांकडे आहे.