शब्दचर्चा: जुन्या फेल्ट हॅटचे शब्द

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. आमच्या नाट्यसंस्थेच्या नव्या नाटकाचा काळ १९४६ आहे आणि जागा मुंबईच्या फोर्टातलं एक ऑफिस. दोन पात्रांच्या डोक्यावर त्या काळातल्याच फेल्ट हॅट हव्यात, असा दिग्दर्शकांचा आग्रह आहे. म्हणून परदेशी विक्रेत्यांची वर्णनं वाचायला घेतली आणि शब्दांपाशी अडले. फर फेल्ट आणि वूल फेल्ट यांच्या किमतींत एवढं अंतर का? फर म्हटलं की आपल्याला केसाळ कातडं आठवतं, पण या हॅट तर गुळगुळीत दिसतात. फेल्टला मराठीत शब्द आहे का? फेडोरा, ट्रिलबी, होम्बर्ग कशा ओळखायच्या? आणि 'व्हिंटेज' एवढ्या एका शब्दावर भरवसा ठेवून पैसे पाठवावेत का?

पंचगंगा

फेल्टपुरतं सांगतो. जे विणलेलं नाही, ज्याला ताणाबाणा नाही, नुसते केस ओलावून, दाबून, घोळवून एकमेकांत गुंतवलेले आहेत ते फेल्ट. आपल्याकडे पिंजारी लोक मेंढीची लोकर पिंजून असंच जाड पांघरूण करत. त्याला बुरणूस म्हणतात. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा हाही त्याच जातीचा. म्हणजे वस्तू आपल्याला नवी नाही. तरी हॅटच्या बाबतीत मी 'फेल्ट'च म्हणेन. आमच्या घरी आजोबांच्या काळ्या टोपीला सगळे 'फेल्टची टोपी'च म्हणत, 'नमद्याची टोपी' कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. रुळलेला शब्द सोडू नये.

न्यूजर्सीकर

शब्दवेडीताई, फरबद्दल. तुम्ही म्हणता ते केसाळ कातडं म्हणजे वरचे लांब, राठ केस. हॅटला ते चालत नाहीत, ते आधी काढून टाकतात. त्यांच्याखाली कातडीलगत जे अगदी बारीक, मऊ केस असतात त्यांचं फेल्ट करतात. मराठीत याला नेमका शब्द आहे: लव. तेव्हा फर फेल्ट म्हणजे लवीचं फेल्ट आणि वूल फेल्ट म्हणजे लोकरीचं फेल्ट, असं मी म्हणतो. लव बीव्हरची, सशाची, रानसशाची किंवा न्यूट्रिया नावाच्या पाणथळीतल्या प्राण्याची. बीव्हरची सगळ्यांत उत्तम मानतात.

किमतीतला फरक इथूनच सुरू होतो. लवीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. वाफ, गरम पाणी आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि कापड दाट, पातळ, तरीही लवचिक होतं. चांगली जुनी हॅट हातात घेतलीत तर काठ बोटांखाली वाकतो आणि सोडला की परत जागेवर येतो. लोकरीचं फेल्ट जाड आणि थोडं खरखरीत लागतं. आकार टिकावा म्हणून त्यात कडकपणा आणणारं द्रव्य जास्त घालावं लागतं, आणि पावसात भिजलं की ते मलूल होतं. भाड्याच्या कपडेपटात मिळणाऱ्या हॅट बहुधा याच असतात.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण विक्रेते ती लिहीत नाहीत. सशाची लव नुसत्या वाफेवर नीट गुंतत नसे, म्हणून तिच्यावर पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया करत. त्याने केसांची टोकं नारिंगी होत, त्यावरून या क्रियेला 'कॅरटिंग' नाव पडलं. त्या वाफेत दिवसभर काम करणाऱ्यांचे हात थरथरत, दात पडत, स्वभाव बदलून जाई. माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या ऑरेंज गावातल्या हॅट कामगारांचा हा आजार एका डॉक्टरांनी १८६० मध्येच लिहून ठेवला होता. कनेटिकटमधलं डॅनबरी तर हॅटचं गाव म्हणूनच प्रसिद्ध होतं, आणि या थरथरीला तिथे 'डॅनबरी शेक्स' हे नावच होतं. अमेरिकेत हॅटच्या कामातला पारा बंद झाला तो १९४१ च्या डिसेंबरात. म्हणजे आजार लिहून ठेवल्यावर ऐंशी वर्षांनी. हॅटच्या देखणेपणाबद्दल बोलताना ही माणसं विसरता कामा नयेत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यासाठी यातला व्यवहाराचा भाग असा: त्याआधीच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो. बंद खोलीत केटलीच्या वाफेवर तिला आकार देत बसू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

मांडवीकाठ

गोव्यात आम्ही कोंकणीत हॅटला 'चेपें' म्हणतो, पोर्तुगीज 'शापेव'वरून. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात फेल्टचं आणि वेताचं अशा दोन्ही टोप्यांना चेपेंच. आणि सोला हॅट इथे मिसळू नका. ती शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गराची, तिचा फेल्टशी संबंध नाही. तुर्की टोपी मात्र फेल्टचीच.

शब्दवेडी

'लव' फार आवडला, तो ठेवतेच. आता हॅटच्या भागांचे शब्द. मी असे योजलेत: ब्रिम म्हणजे काठ, क्राउन म्हणजे डोकं, लाइनर म्हणजे अस्तर, रिबन म्हणजे फीत, स्वेटबँड, म्हणजे आतून कपाळाला लागणारी पट्टी, ती घामपट्टी. क्राउनला पुढून दोन बाजूंनी दाबलेलं असतं तो चिमटा. आणि ज्या लाकडी ठोकळ्यावर हॅटला आकार देतात त्या ब्लॉकला काय म्हणू?

पंचगंगा

कलबूत. पगडी आणि जोडा, दोन्हींच्या साच्याला हा शब्द होता. ज्याला तो ठाऊक नसेल त्याच्यासाठी 'साचा' आहेच.

न्यूजर्सीकर

'डोकं' नको, ताई. "हॅटचं डोकं साडेपाच इंच" हे वाचताना माणसाचं की हॅटचं असा घोळ होतो. क्राउनच राहू द्या. 'घामपट्टी' मात्र उत्तम आहे, आणि वय ओळखायचं तर सगळ्यात आधी तीच उलटायची.

ती बहुधा चामड्याची असते. बाहेरच्या बाजूला सोनेरी ठशात कंपनीचं किंवा दुकानाचं नाव. हलक्या हाताने उलटली की मागे कागदाच्या चिठ्ठ्या सापडतात: मापाची, मालाच्या क्रमांकाची आणि अमेरिकन हॅट असेल तर कामगार संघटनेची. संघटनेच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' एवढंच असेल तर चिठ्ठी १९३४ आधीची, कारण त्या वर्षी ही संघटना कॅप आणि मिलिनरी (बायकांच्या हॅट) कामगारांच्या संघटनेत मिळाली आणि नाव लांबलं. लांब नाव असेल तर १९३४ ते १९८३ मधली. एवढा मोठा कालखंड तुमच्या उपयोगाचा नाही, म्हणून पुढे पत्ता पाहायचा. अस्तरावर किंवा खोक्यावर दुकानाचा पत्ता असतो. गावाच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर १९४३ नंतरचा, पाच आकडी झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिनकोड, असेल तर १९६३ नंतरचा. झिप कोड दिसला की तुमच्या नाटकासाठी ती हॅट बाद.

युरोपातल्या हॅटवर गावाचं नावच साक्ष देतं. चेक मुलुखातल्या मोराव्हियातल्या ज्या गावी ह्युकेल घराण्याचा मोठा कारखाना होता, त्याचं जर्मन नाव नॉयटिट्शाइन. १९४५ नंतर कारखाना सरकारी झाला, टोनाक नाव आलं आणि गावाचं चेक नाव नोवी यिचीन छापलं जाऊ लागलं. 'वेस्टर्न जर्मनी' असं छापलेली हॅट १९४९ आधीची असूच शकत नाही.

चिठ्ठ्या गळून गेल्या असतील तर अंगलोट बघायची. १९३०-४० च्या हॅटचा क्राउन उंच, काठ अडीच इंचांच्या आसपास, फीत रुंद, कधी दोन इंचांपर्यंत. १९६० च्या सुमारास सगळंच आखूड झालं: क्राउन बुटका, काठ दोन इंचांच्या आत, फीत बोटभर. फोटोवरूनही हे कळतं, पण यावर एकट्यावर विसंबू नका, कारण जुन्या घाटाच्या हॅट पुढेही होत राहिल्या आणि आजही होतात. ज्या वर्णनात 'व्हिंटेज स्टाइल' लिहिलंय ते सरळ सोडून द्या. तो शब्द घाटाबद्दल आहे, वयाबद्दल नाही.

अडकित्ता

नावांचं थोडक्यात. फेडोरा हे नाव १८८२ च्या एका फ्रेंच नाटकाच्या नायिकेचं. सारा बर्नहार्टने ती भूमिका केली आणि नाव हॅटला चिकटलं. मऊ क्राउन, पुढे चिमटा, बऱ्यापैकी रुंद काठ. ट्रिलबीचा काठ अरुंद, पुढे खाली झुकलेला आणि मागे वर वळलेला. होम्बर्ग जास्त कडक: मधोमध एकच लांब घळ, चिमटा नाही, काठाच्या कडा वर वळलेल्या आणि फितीने बांधलेल्या. जर्मनीतल्या बाट होम्बुर्गहून इंग्लंडच्या तेव्हाच्या युवराजाने ती आणली आणि प्रतिष्ठेची केली. बोलर गोल आणि टणक, १८४९ मध्ये लंडनात जन्मलेली. तुमच्या ऑफिसातल्या बड्या साहेबाला होम्बर्ग आणि तरुण कारकुनाला किंवा वार्ताहराला फेडोरा शोभेल.

मराठीत मात्र या सगळ्यांना 'साहेबी टोपी' किंवा नुसतं 'हॅट' म्हणत आले. भगतसिंगांच्या १९२९ मधल्या दिल्लीच्या त्या छायाचित्रातली हॅट आपण शेकडो वेळा पाहिली, पण तिचा प्रकार कुणी विचारला नाही. फेल्ट हॅट एवढंच म्हटलं जातं आणि ते बरोबरच आहे.

शब्दवेडी

आणि हॅटच्या वर्णनांत '३एक्स', '७एक्स' असतं, ते काय? एक्स जास्त तितकी हॅट चांगली असं धरायचं का?

न्यूजर्सीकर

एकाच कंपनीच्या एकाच काळातल्या दोन हॅटमध्ये, हो. बीव्हरच्या लवीचं प्रमाण वाढलं की एक्स वाढत. पण याला सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप कधीच नव्हतं. शिवाय वर्षांमागून वर्षं हे एक्स फुगत गेले. १९४० च्या दशकातली स्टेटसन या अमेरिकन कंपनीची ३एक्स आज त्याच आकड्याने विकल्या जाणाऱ्या हॅटपेक्षा कितीतरी सरस असते. म्हणून एक्स हा दर्जाचा आकडा समजू नका, त्या कंपनीची त्या वेळची श्रेणी समजा. मला विचाराल तर एक्सपेक्षा काठाच्या कडेकडे बघा. कडा नुसती कापून सोडली आहे, शिवली आहे, की फितीने बांधली आहे? काही हॅटची कडा टाक्याशिवाय, फेल्ट स्वतःवरच दुमडून पक्की केलेली असते. तिला कॅव्हनॉ एज म्हणतात. ते काम अवघड आणि महागडं होतं. ती कडा दिसली तर करणाऱ्याने हात राखला नाही एवढं नक्की.

पंचगंगा

एक विचारतो. दोष कसे ओळखायचे? आमच्याकडे लोकरीला कसर लागते, यालाही लागत असणार.

न्यूजर्सीकर

लागते, आणि कसर हाच या व्यवहारातला सगळ्यात मोठा धोका. कसरीची अळी लव आणि लोकर दोन्ही खाते. आरपार भोक सगळ्यांना दिसतं. वरवर कुरतडलेली जागा मात्र फोटोत लपते, तिरप्या उजेडात खळगे दिसतात. हॅट उजेडासमोर धरून आतून काढलेला फोटो मागवा, पातळ झालेल्या जागा चमकतात. दुसरी नाजूक जागा चिमट्याची. लोक चिमट्याला धरून हॅट उचलत राहिले की तिथलं फेल्ट झिजून फाटतं, आणि त्याला उपाय नाही. सुकून तडकलेली घामपट्टी बदलता येते, पण बदलली की मागच्या चिठ्ठ्यांचा पुरावाही जातो. फितीवरचा घामाचा डाग राहतोच. धूळ आणि बसलेला आकार यांना मी दोष मानत नाही.

मापाबद्दल जपा. अमेरिकन सव्वासात म्हणजे साधारण ५८ सेंटिमीटर, पण त्याच डोक्याला ब्रिटिश हॅटवर ७ १/८ लिहिलेलं असतं. त्यात जुन्या हॅट आक्रसतात. तेव्हा चिठ्ठीवरचा आकडा नको, घामपट्टीच्या आतून टेप फिरवून घेतलेलं माप सेंटिमीटरमध्ये मागा. जो विक्रेता घामपट्टी उलटून फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

आणि नाटकासाठी एक: गाठ कुठल्या बाजूला आहे ते बघा. पुरुषांच्या हॅटला फितीची गाठ डावीकडे, बायकांच्या हॅटला उजवीकडे असते.

शब्दवेडी

मला आवडलेल्या दोन हॅटच्या विक्रेत्यांना आजच लिहिलं: उलटलेली घामपट्टी, चिठ्ठ्या, उजेडासमोरचा फोटो, आतलं माप. एकाचं उत्तर आलं. चिठ्ठीवर संघटनेचं लांब नाव आहे, अस्तरावर फिलाडेल्फियातल्या दुकानाचा पत्ता, पुढे विभागाचा दोन आकडी क्रमांक. माप ५७. आमच्या नटाचं डोकं ५८ आहे. कलबुतावर एवढं सैल करून मिळतं का?

न्यूजर्सीकर

पत्त्यावरून १९४३ ते ६३. फीत रुंद आणि क्राउन उंच असेल तर तुमच्या काळात बसेल. एक सेंटिमीटर सहसा मिळतो, लवीचं फेल्ट असेल आणि घामपट्टीचं चामडं मऊ असेल तर. चामडं सुकलेलं असेल तर ताणताना शिलाईपाशी फाटेल. पैसे पाठवण्याआधी पट्टी बोटाने वाकवून दाखवायला सांगा.