पुदिना सडतो, रोझमेरी वाळते: गॅलरीत कटिंग लावताना काय चुकतंय?

पश्चिमेची_गॅलरी

नागपुरात चौथ्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी आहे, दुपारी २ पासून कडक ऊन. पुदिना, इटालियन बेसिल, रोझमेरी, पानओवा आणि गोडनिंब यांची कटिंग एकाच दिवशी लावली. १५ सेंमीच्या फांद्या, काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं, रोज सकाळी पाणी, वरून पारदर्शक पिशवी. बाराव्या दिवशी पुदिना आणि बेसिल बुडापासून काळे पडले. रोझमेरी तीन आठवडे हिरवी दिसली, मग पानं झडली. पानओवा तेवढा लागला. गोडनिंबाच्या काड्या हिरव्या आहेत, पण मूळ नाही. ऑक्टोबर लागलाय, थंडीच्या आत पुन्हा लावता येईल का? फांदीला मध लावला तर मुळं लवकर फुटतात म्हणे, खरं का?

वाळू_दोन_भाग

पाचही झाडांना एकच न्याय लावला जी तुम्ही, तिथंच गडबड झाली.

पहिली गोष्ट माती. आपली काळी माती शेताला सोनं, पण कटिंगला नाही. ती पाणी धरून बसते, बुडाला हवा मिळत नाही, फांदी कुजते. वाळली की आकसते, भेगा पडतात आणि नुकती फुटलेली केसासारखी मुळं तुटतात. शेणखत तर या टप्प्यावर नकोच. मूळ नसलेल्या फांदीला खताचा काही उपयोग नाही, उलट अर्धवट कुजलेल्या खतातून बुरशी येते.

पुदिना आणि बेसिलला धुतलेली वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं घ्या. कन्हान नदीची जाड रेती चालते, फक्त चाळून पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. कोकोपीटसुद्धा दोनदा भिजवून निथळा, त्यात क्षार असतात. मिश्रण मुठीत दाबलं की एखाद-दोन थेंब पडावेत, धार लागली तर ओलं जास्त झालं. २०० मिलीचे चहाचे प्लास्टिक ग्लास घ्या आणि बुडाला तापलेल्या सुईनं चार भोकं पाडा.

फांदी १० सेंमी पुरे. काप पेराच्या जरा खाली, धारदार ब्लेडनं. कात्री बोथट असेल तर देठ चेंगरतो आणि सड तिथूनच सुरू होते. खालची पानं काढा, वर दोन जोड्या ठेवा. बेसिलची पानं मोठी असतील तर निम्मी कापा. कळी दिसली की खुडा. फुलावर आलेली फांदी मुळं धरायला कुचराई करते. तुळशीचंही तेच: सगळ्या शेंड्यांना मंजिऱ्या असतील तर त्या खुडा, दोनेक आठवड्यांनी बाजूनं कोवळे फुटवे येतात, ते घ्या.

पिशवी झाकून पश्चिमेच्या उन्हात ठेवली असेल तर आत भट्टीच झाली असणार. ग्लास खोलीत खिडकीपाशी ठेवा, उजेड हवा, थेट ऊन नको. पिशवी रोज १० मिनिटं उघडा.

मधात मूळ फुटवणारं काही नसतं. मुंग्या मात्र येतात.

सेमिनरी_हिल्सकडचा

वरचं सगळं बरोबर, पण रोझमेरीला हे मिश्रणही ओलं पडेल. तिला वाळू २ भाग, कोकोपीट १ भाग. फुलं नसलेला ८ ते १० सेंमीचा शेंडा घ्या, अगदी लुसलुशीत नाही आणि पार लाकूड झालेलाही नाही. वाकवला तर लवचिकपणे वळावा. खालचा ४ सेंमी भाग पानं काढून मोकळा करा. इथं आयबीए, म्हणजे मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाची पावडर कामाची आहे, ०.१ ते ०.३ टक्क्यांची. चिमूटभर कागदावर काढून त्यात बूड टेकवा आणि झटका. जाड थर दिला तर बूड करपतं. कागदावर उरलेली पावडर परत डबीत टाकू नका, ओल लागून सगळी खराब होते. पुदिना-बेसिलला पावडर लागत नाही.

रोझमेरीला घट्ट पिशवी नको, पाणी वरचा थर सुकल्यावरच. मुळांना ४ ते ६ आठवडे लागतात, कधी ८. तीन आठवडे हिरवी दिसली म्हणजे लागली असं नाही, ती साठ्यावर जगत असते. मेलेली फांदी उपटून बघा: बूड काळं, मऊ असेल तर पाणी जास्त झालं. बूड टणक आणि पानं कुरकुरीत असतील तर कोरडी पडली.

वेळेचं म्हणाल तर बेसिल याच महिन्यात उरका. डिसेंबर-जानेवारीत इथं पारा १० च्या आसपास उतरला की बेसिलची पानं काळवंडतात. रोझमेरीला मात्र ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हाच चांगला काळ.

पश्चिमेची_गॅलरी

मग पुदिना बाजारच्या जुडीतूनच लावला तर? आणि पाण्यात मुळं फुटवून मातीत लावली की झाड मान टाकतं, ते का?

वाळू_दोन_भाग

जुडीतला चालतो. कॉटन मार्केटमधून सकाळची ताजी जुडी घ्या. खालच्या पेरांवर पांढरे टिपके उठलेल्या काड्या निवडा, ती मुळांची सुरुवात असते. पाणी २-३ सेंमी, एकही पान पाण्यात बुडायला नको, दर दोन दिवसांनी पाणी बदला. ७ ते १० दिवसांत मुळं येतात.

मान टाकतो कारण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात आणि मातीतून पाणी ओढायची त्यांना सवय नसते. म्हणून मुळं २-३ सेंमीची झाली की लावा, ग्लासभर जटा होईपर्यंत थांबू नका. लावल्यावर आठवडाभर सावली आणि ओलावा. पुदिन्याला खोल कुंडीपेक्षा १५ सेंमी खोलीचा पसरट टब बरा, त्याचे धुमारे आडवे पळतात. दुसऱ्या झाडासोबत लावाल तर त्याला गिळून टाकेल.

गोडनिंब_आणि_सांबार

गोडनिंबाच्या काड्यांवर जीव टाकू नका. काडी महिनोन्‌महिने हिरवी राहते, मूळ क्वचितच धरते. मोठ्या झाडाच्या आजूबाजूला मुळातून पिल्लं फुटतात. पावसाळ्यात एखादं मुळासकट खोदून आणा. नाहीतर पिकून काळी झालेली फळं घ्या, गर धुवा आणि बी लगेच पेरा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्याही पाण्यात ठेवू नका, त्याचे धणेच पेरावे लागतात.

पानओवा लागलाच आहे, पुढच्या वेळी काप चार-पाच तास सावलीत सुकू द्या, मग लावा. देठ रसाळ असतो, ओला काप कुजतो.

पश्चिमेची_गॅलरी

मुळं आली हे उपटून न बघता कसं ओळखायचं?

सेमिनरी_हिल्सकडचा

शेंड्याला नवी पानं येतात, ग्लासच्या भोकांतून पांढरी टोकं दिसतात. हलक्या हातानं ओढलं तर फांदी अडते. पण हे एकदाच करा, रोज नाही. पारदर्शक ग्लास घेतला तर तेही लागत नाही, फक्त बाहेरून काळा कागद गुंडाळा आणि बघायचं तेव्हा काढा. उन्हाळ्यात लावायची वेळ आलीच तर कुलरच्या खोलीत ठेवा, हवा दमट मिळते, पण थेट झोतासमोर नको. एका दुपारीत पानं वाळतात.