आयजीए नेफ्रोपॅथी: जीन बंद करायचं इंजेक्शन कुठं मिळतं? (लातूर, तातडीचं)

मांजराकाठ: मोठ्या भावाला आयजीए नेफ्रोपॅथी आहे, म्हणजे आयजीए नावाचं प्रोटीन किडनीच्या गाळणीत साचतं. लघवीतून प्रोटीन जातंय. डॉक्टर सोमवारपासून स्टिरॉइड सुरू करू म्हणतात. आम्हाला स्टिरॉइड नको. किडनी खराब करणारा जीनच बंद करतंय असं इंजेक्शन निघालंय, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. ते लातूरला मिळतं, संभाजीनगरला की थेट हैदराबादला, आणि केवढ्याला पडतं, एवढंच सांगा. पथ्याचे सल्ले नकोत, ते गावानं देऊन झालेत.

लॅबवाला: आयजीए हे बायोप्सीत आलंय की नुसता अंदाज? प्रोटीन किती? क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळते तो रक्तातला कचरा? वय?

मांजराकाठ: बायोप्सीतच आलंय. प्रोटीन १४००, क्रिएटिनिन १.६. वय ३१. आता तरी पत्ता सांगा.

लॅबवाला: १४०० कशाचे? चोवीस तासांच्या लघवीतले मिलिग्रॅम, की प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो? रेशो एक लॅब १.४ लिहिते, दुसरी १४००. आकडा एकच, एकक वेगळं. गेल्या वेळी १.४ आणि आता १४०० बघून घाबरलेले लोक रोज येतात.

दुधना: इंजेक्शन आहे की. लुमासिरान. अमेरिकेत २०२० मध्येच मंजूर झालं. किडनीचंच आहे, जीन बंद करणारंच आहे. लोकांना उगा घोळात घेऊ नका.

तेरणा: दुधना, ते प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया टाइप १ साठी. त्यात यकृत जास्त ऑक्झलेट बनवतं आणि किडनीत खडे होतात. जन्मजात आजार आहे, प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही. आयजीएला ते दिलं तर उपयोग शून्य.

मांजराकाठ, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आयजीएसाठी असं इंजेक्शन मेडिकलात मिळत नाही. लातूरला नाही, हैदराबादलाही नाही. आपल्याकडं याच तंत्राचं इन्क्लिसिरान मिळतं, पण ते कोलेस्टेरॉलचं. बहुतेक तेच कुणीतरी तुम्हाला किडनीचं म्हणून सांगितलंय.

आणि 'किडनीचा जीन' बंद होत नाही. डीएनएला हातच लागत नाही. जीनवरून प्रोटीन बनवायची जी चिठ्ठी निघते, एमआरएनए, ती यकृताच्या पेशीत फाडली जाते. रेणूला गॅलनॅक नावाची साखर जोडलेली असते, ती फक्त यकृताच्या पेशी ओढून घेतात. म्हणून निशाणा यकृतात बनणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रोटीनवर (जंतूंशी लढणारी प्रोटीनं, पण या आजारात किडनीतली सूज वाढवतात): सी५, सी३, फॅक्टर बी. मूळ बिघडलेलं आयजीए बनतं ते बी पेशींत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींत. तिथं हे पोचतच नाही. म्हणजे आग लावणारा मोकळाच राहतो, फक्त तेल तोडलं जातं.

सी५ वरच्या सेमडिसिरानची दुसऱ्या टप्प्याची चाचणी ३१ रुग्णांवर झाली. ३२ आठवड्यांनी प्रोटीन प्लासिबोच्या (औषध नसलेल्या खोट्या डोसच्या) तुलनेत ३७ टक्क्यांच्या आसपास उतरलं. चांगलं आहे, पण ३१ माणसं म्हणजे किती? फॅक्टर बी वरचं सेफॅक्सर्सेन तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलंय. तेव्हा मार्ग एकच, चाचणीत शिरणं.

हरभरा_डहाळा: आपल्या भागात बोअरचं पाणी जड, त्यानंच किडन्या जातात. आरओ बसवा आणि रोज सकाळी हुलग्याचं कढण. खडा आपोआप पडतो.

लॅबवाला: खडा कुणाला झालाय, डहाळे?

हरभरा_डहाळा: किडनी म्हणजे किडनीच न. नाहीतर भस्म तरी द्या, काही नुकसान नाही त्याचं.

तेरणा: नुकसान आहे. पारा असलेल्या भस्मांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा किडनीचा दुसरा आजार होतो, त्यातही प्रोटीनच जातं. मग एका बायोप्सीचं काम दोन बायोप्सींवर जातं.

पैठण_गेट: तेरणा, चाचणीचं गाजर दाखवायच्या आधी विचारा की साध्या गोळ्या पुऱ्या डोसला आहेत का. मांजराकाठ, बीपी किती? टेल्मिसार्टन (बीपीची, प्रोटीनही कमी करणारी गोळी) किती आणि कधीपासून? दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का?

मांजराकाठ: बीपी १५०/९६. टेल्मिसार्टन २०, तीन आठवडे झाले. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक मधूनमधून. पण विचारलं काय आणि सांगताय काय, राव?

पैठण_गेट: हेच तर विचारलंय तुम्ही. डायक्लोफेनॅक आजच बंद, क्रिएटिनिन त्यानंही चढतं. टेल्मिसार्टन ४०, सोसलं तर ८०. दर वाढीनंतर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर घाबरून गोळी सोडायची नसते. सोबत डापाग्लिफ्लोझिन १० (मूळची साखरेची, किडनीलाही जपणारी गोळी) विचारा. जुलाब, उलट्या किंवा उपास असेल त्या दिवशी ती थांबवायची. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. पथ्य नको म्हणालात, तरी सांगतो: खारोड्या, पापड, लोणचं सुटलं नाही तर टेल्मिसार्टनचा बराच जोर मिठातच जातो. डोस वाढवणं डॉक्टरांच्या हातानं, मनानं नाही.

तेरणा: बरोबर, आणि चाचणीचं दारही यातूनच उघडतं. बहुतेक चाचण्यांत अट असते की या गोळ्या पेलतील तेवढ्या डोसला तीन महिने स्थिर पाहिजेत आणि तरीही प्रोटीन जास्त पाहिजे. नुकतंच स्टिरॉइड घेतलेल्याला बरेचदा काही महिने घेत नाहीत. सोमवारी सुरू केलं तर ते दार तेवढ्यापुरतं बंद.

पैठण_गेट: आणि चाचणीसाठी स्टिरॉइड अडवून किडनी घालवली तर? आजार वेगानं चढत असेल तर वाट बघायची नाही. कमी डोसची पद्धत आहे: मिथाइलप्रेडनिसोलोन किलोमागे ०.४ मिग्रॅ, जास्तीत जास्त ३२, मग हळूहळू कमी. सोबत न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमॉक्साझोल. आधी साखर, टीबी, हिपॅटायटिस बी तपासून. स्टिरॉइड म्हटलं की लोक पळतात, पण पळायचं कारण बहुतेकदा डोस असतो.

सिस्टर_नांदेड: इंजेक्शनचं एक कुणी सांगेना. कॉम्प्लिमेंट दाबलं की मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस, हिब या जंतूंचा धोका वाढतो. लसी किमान दोन आठवडे आधी. आणि याचा असर महिनोन्‌महिने राहतो. इप्टाकोपानसारखी कॉम्प्लिमेंट दाबणारी गोळी बंद केली तर काही दिवसांत उतरते. हे टोचलं की परत काढता येत नाही. ताप आला की सकाळची वाट न बघता दवाखाना. रात्री गाडी मिळत नसलेल्या तांड्यावरच्या माणसानं हे आधी विचारावं.

मांजराकाठ: बरं. चाचणी शोधायची कुठं? आणि पैसे?

तेरणा: सीटीआरआय, म्हणजे भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही, इंटरनेटवर फुकट बघता येते. आजाराच्या नावानं शोधा, भारतातली भरती चालू आहे का ते बघा, खाली केंद्रांची यादी आणि संपर्क असतो. चाचणीतल्या औषधाला पैसे लागत नाहीत. मागितले तर उठून या. प्लासिबोची शक्यता किती, नंतर सगळ्यांना खरं औषध मिळणार का आणि येण्याजाण्याचा खर्च देतात का, हे सहीआधी विचारा. बायोप्सीच्या शेवटी एम, ई, एस, टी, सी असे किडनीची इजा सांगणारे आकडे असतील, ते टाका.

मांजराकाठ: एम१ ई० एस१ टी१ सी०.

पैठण_गेट: सी० म्हणजे क्रेसेंट, गाळणीतल्या वेगवान बिघाडाच्या चंद्रकोरी, नाहीत. बायोप्सी तरी आजच्या आज घाई करा असं सांगत नाही. जुनं क्रिएटिनिन असेल तर शेजारी ठेवून बघा, महिन्याभरात चढलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारता येईल की आधी गोळ्या पुऱ्या करू का. टी१ म्हणजे २६ ते ५० टक्के भागात व्रण. तो स्टिरॉइडनं भरत नाही, तुमच्या इंजेक्शननंही नाही. वय ३१ ला १.६ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ५९ च्या घरात, वाचवण्यासारखं बरंच आहे.

लॅबवाला: आणि सोमवारच्या आत चोवीस तासांची लघवी करूनच जा. सकाळी उठल्यावरची पहिली फेकून वेळ लिहायची, मग सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. क्रिएटिनिनही त्यातच मोजायला सांगा. पुरुषाला किलोमागे १५ ते २५ मिग्रॅ आलं नाही तर लघवी कुठंतरी सांडली किंवा विसरली, तो रिपोर्ट रद्दी.

मांजराकाठ: पाण्याचा ५ लिटरचा कॅन चालंल का?

लॅबवाला: चालंल. धुवून कोरडा करा, आणि उन्हात ठेवू नका.