इंजिन आधी कॉम्प्युटरवर पळवायचं की थेट डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवायचं?

सातपूरकर: कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीसाठी दोन महिने कॉम्प्युटरवर इंजिनाचं सिम्युलेशन करतोय. नियम असा की पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमीच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे मुद्दाम अरुंद केलेल्या वाटेतून जाते. तिथे हवेने ध्वनीचा वेग गाठला की पुढे इंजिन कितीही ओढो, सेकंदाला साधारण ७४ ग्रॅमच्या वर हवा मिळत नाही. म्हणजे कमाल ताकद बांधलेलीच. आपल्या हातात उरतं इनटेक नळ्यांची (हवा सिलिंडरात नेणाऱ्या) लांबी आणि त्यांच्या आधीच्या हवेच्या डब्याचा, प्लेनमचा आकार. एका रात्रीत चाळीस लांब्या तपासल्या. तेवढ्या नळ्या अंबड एमआयडीसीत बनवून घेतल्या असत्या तर वर्गणीच काढावी लागली असती. आमचे गॅरेजवाले काका मात्र म्हणतात, 'पोरखेळ आहे, गाडी डायनोवर चढव.'

द्वारका गॅरेज: काका बरोबर बोलतात. मागे एक जण लॅपटॉप घेऊन आला होता, स्क्रीनवर आलेख नुसता चढता. कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजायचा गेज लावला तर तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास आणि चौथा ११०! हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर काजळी साचून काळी कड झालेली, नखाने खरवडली तर निघाली. हे त्या सॉफ्टवेअरला दिसलं का?

सातपूरकर: दादा, तो आजारी इंजिनाचा प्रश्न. जी नळी अजून बनलीच नाही तिला गेज कुठे लावू?

टेस्टबेडवाला: नळीपुरतं तुझं खरं. दाबाची लाट नळीत कधी परतते हे गणित पक्कं आहे, कोणती लांबी सरस ते कळेल. पण बीएचपीचा आकडा मिरवू नकोस. क्रँक किती अंश फिरेपर्यंत इंधन जळतं, तो वीबे कर्व्ह तूच भरलास ना? मग तुझाच अंदाज तुला रंगीत होऊन परत मिळतोय. आणि ते ७४ ग्रॅम समुद्रकाठचे, २५ अंश तापमानाचे. नाशिक सुमारे ६०० मीटरवर, एप्रिलची दुपार ४० अंशांची. दाब आणि तापमान बदलून बघ.

सातपूरकर: बदललं. ६८ च्याही खाली आलं. 😐 दोन महिने सॉफ्टवेअरच्या डीफॉल्ट (आधीच भरलेल्या) आकड्यांवरच चाललं होतं.

द्वारका गॅरेज: घ्या! डायनोने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

सातपूरकर: सांगितलं असतं, पण नाशिकचंच. स्पर्धा कोइम्बतूरला, कारी ट्रॅकवर. उंची सुमारे ४०० मीटर, महिना जानेवारीचा. तिथली हवा तुमच्या शेडमध्ये कुठून आणणार?

टेस्टबेडवाला: हा मुद्दा मान्य. आधी नाशिकची हवा भरून मॉडेल डायनोशी जुळव, मग कोइम्बतूरची भर. न जुळवता भरलीस तर मात्र काकांचंच म्हणणं खरं.

द्वारका गॅरेज: नळ्या झाल्या की आण गाडी. डायनोच्या रोलरवर चढवायच्या आधी कॉम्प्रेशन मी बघणार, आणि लॅपटॉप तेवढा ग्रीसच्या डब्यापासून लांब ठेव.